अपोस्टील एजंटला २ स्टार, डेन्मार्कातल्या लग्नाला साडेचार

पुण्यातल्या ज्या एजंटकडून मी लग्नाच्या कागदांवर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का, करून घेतलं त्याचा दर आठवड्याला मेसेज येतो, मॅडम फाइव्ह स्टार द्या ना. देणार नाही, आणि नाव पण लिहीत नाही कारण माणूस वाईट नाहीये, फोन उचलतो, सांगितलेल्या दिवशी कागद हातात देतो, पैशात लपवाछपवी नाही. तरी दोनच स्टार. का ते सांगते.

मी साताऱ्याची, जर्मनीत नोकरी, नवरा जर्मन. लग्न भारतात करायचं पहिल्यांदा डोक्यात होतं पण तो हिंदू नाही म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ चा, त्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं पाहिजे आणि मग नोटीस लावून आणखी ३० दिवस थांबायचं. माझी सुट्टी तीन आठवडे. मग ठरलं की कायदेशीर लग्न तिकडेच करू आणि हळद, मांडव, जेवणावळ नंतर साताऱ्यात.

जर्मनीत लग्न नोंदवतं ते श्टांडेसआम्ट, म्हणजे आपलं विवाह नोंदणी कार्यालय समजा. त्यांनी यादी दिली, जन्मदाखला, अविवाहित असल्याचा कागद, वगैरे. मी यादी बाबांना पाठवली, बाबांनी ओळखीतून हा एजंट शोधला. दाखला आणि आईबाबांचं ॲफिडेव्हिट, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, की आमची मुलगी अविवाहित आहे. दोन्हीवर अपोस्टील, ७ हजार रुपये, १२ दिवस. आता अपोस्टीलची सरकारी फी कागदाला ५० रुपये आहे, पण आधी राज्याचं अटेस्टेशन लागतं आणि परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीकडेच द्यायचे, तर मधली धावपळ त्याची, तेवढे पैसे लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. मी विचारलं होतं, परदेशात चालेल ना? म्हणाला "मॅडम अपोस्टील म्हणजे जगात कुठेही डोळे झाकून".

डोळे झाकून, खरंच.

श्टांडेसआम्टमधल्या बाईंनी दाखला उलटा केला, मागचं चौकोनी स्टिकर बघितलं, नंबरवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाल्या की भारताच्या कागदाला आमच्याकडे याचा उपयोग नाही. मला वाटलं माझं जर्मन कमी पडतंय. नाही. एकमेकांचं अपोस्टील मानायचं असा देशादेशांत करार आहे, भारत २००५ मध्ये त्यात गेला तेव्हा काही देशांनी आक्षेप घेतला होता, बाकीच्यांनी पुढे मागे घेतला, जर्मनीने नाही. म्हणजे भारत आणि जर्मनी दोघंही करारात आहेत पण एकमेकांच्या बाबतीत तो लागू नाही. त्याऐवजी जर्मन ऑफिस तुमचे कागद भारतातल्या जर्मन दूतावासाकडे पडताळणीला पाठवतं, ते एक वकील नेमतात, तो नगरपालिकेत जाऊन रजिस्टर बघतो, कधीकधी शेजारीपाजारीही चौकशी करतो. खर्च आपला, काही शे युरो, आणि वेळ महिन्यांच्या हिशोबात. हे बाबांना सांगितलं तर त्यांना पहिली काळजी काय, तर वकील आला की शेजारच्या काकू काय काय सांगतील.

मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या दाखल्यावर आईचं नाव सासरचं, मंगल. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, सुमन. आधारवर मंगल, पासपोर्टवर सुमन ऊर्फ मंगल. आपल्याकडे हे घरोघरी आहे, लग्नात तांदळात नाव लिहिलं की झालं. जर्मन माणसाला हे कसं समजावायचं की या दोन बायका नाहीत, एकच आहे, आणि तिने नाव स्वतःहून बदललेलं नाही?

वर एक कागद असा लागतो जो भारत देतच नाही. एहेफेहिश्काइट्सत्सॉयग्निस, एका दमात म्हणून दाखवा. म्हणजे हिच्या देशाच्या कायद्याने हिच्या लग्नाला अडचण नाही असं सर्टिफिकेट. ते देणारं ऑफिसच आपल्याकडे नाही, मग त्यातून सूट मिळावी म्हणून तिथल्या वरिष्ठ कोर्टाच्या अध्यक्षांकडे अर्ज, आणि तो अर्ज पुढे जाणार पडताळणी झाल्यावर. त्या दिवशी घरी येऊन मी पिठलं केलं आणि दोघं गप्प बसून जेवलो.

डेन्मार्क सुचवलं ऑफिसातल्या नागपूरच्या मुलीने, तिचं तसंच झालंय. तिकडे परदेशी जोडप्यांचे अर्ज २०१९ पासून एकाच सरकारी संस्थेकडे जातात, फॅमिलिएरेट्सहुसेट. सगळं ऑनलाइन. फी साधारण दोन हजार क्रोनर. आम्ही दोघंही पहिलटकर म्हणजे आधीचं लग्न, घटस्फोट काही नाही, तर जन्मदाखला मागितलाच नाही! पासपोर्ट, पण सगळी पानं हां, कोरी पानं आणि कव्हर पण, माझं जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड, आणि नातं खरं असल्याचा पुरावा. हा शेवटचा भाग मजेशीर. कुठे भेटलात, कोणत्या भाषेत बोलता, एकत्र राहता का, कागदासाठी केलेलं लग्न नाही ना हे त्यांना बघायचं असतं. आम्ही भाडेकरार लावला, आणि फोटोंमध्ये एक गणपतीचा, हा सोवळं नेसून मोदकाचं ताट धरून उभा. त्या फोटोपुढे कोणी शंका घेईल असं वाटत नाही.

इथेही एजन्सी आहेत, तुमचा अर्ज भरून देतो, टाउन हॉलची तारीख काढून देतो, सहाशे युरो. घटस्फोटाचे कागद असतील, किंवा दोघांपैकी एक अजून भारतात आणि शेंगेन व्हिसावर येणार असेल, तर द्या बापडे. आमच्यासारख्या साध्या केसला कशाला? रविवारी एका दुपारीत अर्ज झाला, आणि अर्धा वेळ पासपोर्ट स्कॅन करण्यातच गेला. आठवड्याभरात मंजुरीचं सर्टिफिकेट आलं, ते चार महिने चालतं, तेवढ्यात लग्न उरकायचं.

आम्ही ट्योनर घेतलं, सीमेलगतचं छोटं गाव, हॅम्बुर्गहून नीब्युलला जायचं आणि तिथे गाडी बदलायची. आदल्या दिवशी पासपोर्ट आणि कार्ड ओरिजिनल दाखवायला जावं लागतं म्हणजे एक रात्र मुक्काम धरूनच चाला. साक्षीदार नसतील तर टाउन हॉलचेच दोन जण उभे राहतात. समारंभ इंग्रजीत, दहा मिनिटं. सातारकर मंडळी व्हिडिओ कॉलवर, आत्याने तिकडून मंगलाष्टक सुरू केलं आणि त्या डॅनिश बाई बिचाऱ्या दोन कडवी होईपर्यंत हसत थांबल्या. सर्टिफिकेट लगेच हातात, पाच भाषांत, त्यात जर्मन पण आहे म्हणजे भाषांतराचा खर्च वाचला. जर्मनीत ते तसंच चाललं, वर कसलाही शिक्का लागला नाही, या दोन देशांचा १९३६ पासूनचा वेगळा करारच आहे. अर्धा स्टार कापला तो मुक्कामाच्या आणि तिकिटाच्या खर्चासाठी, आणि आई तिथे नव्हती म्हणून. दुसऱ्या कारणात त्यांचा काही दोष नाही.

गंमत अशी की भारतात पासपोर्टवर नवऱ्याचं नाव घालायचं म्हणून त्या डॅनिश सर्टिफिकेटवर मी अपोस्टील घेतलं, डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, आणि भारत-डेन्मार्कमध्ये मात्र ते व्यवस्थित चालतं. म्हणजे अपोस्टील काही फसवाफसवी नाही, फक्त कागद कुठून निघाला आणि कुठे जाणार ते आधी बघायचं. एवढं एक वाक्य एजंटने विचारलं असतं, "मॅडम कुठल्या देशात?", तर माझे ७ हजार आणि आईबाबांची नोटरीकडची फेरी वाचली असती. रोज हेच काम करतो ना तो? म्हणून दोन. तेही वेळेत दिलं म्हणून.

दाखला आता साताऱ्यात आहे. एवढे पैसे गेलेत, खराब नको व्हायला म्हणून बाबा स्टिकरसकट लॅमिनेशनला घेऊन चालले होते, आईने दारातून परत बोलावलं.