टॉवेल कारखान्याच्या शेअरमध्ये माझे सहा लाख अडकलेत, सोलापूरकरांनी वाचा

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३१ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढली, जॉबर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन बाहेर पडलो. टॉवेल हातात घेतला की सूत कितीचं आणि पाईल नीट बसलीय का नाही ते मी सांगतो. म्हणूनच फसलो असं आता वाटतंय, कारण ज्या कंपनीत पैसे घातले तिचा कारखाना मी स्वतः फिरून बघितला होता. रॅपियर लूम चालू होते, फोल्डिंग खात्यात बायका बसलेल्या, दारात टेम्पो भरत होता. याच्यावर आणि काय बघायचं असतं?

बोलावणं आलं ते जुन्या जोडीदाराकडून. हॉलमध्ये बैठक होती, साठ-सत्तर लोक असतील, बहुतेक आमच्यासारखे पीएफ-ग्रॅच्युइटी घेऊन बसलेले. मालकाने खांद्यावर हात ठेवला, म्हणला, "मामा, तुम्ही तर लाईनमधलेच माणूस, तुम्हाला काय सांगायचं." दोन वर्षांत आयपीओ येणार, म्हणजे शेअर बाजारात विकायला निघणार, दहा रुपये फेस व्हॅल्यूचा, म्हणजे छापील किमतीचा शेअर आत्ता ओळखीच्या माणसांना २४० ला. स्पायरल बाईंडिंगची एक वही दिली, वर कंपनीचं नाव, शेवटी सीएचा निळा शिक्का आणि सही. विक्री ४.८ कोटीवरनं ६.२ कोटी, नफा ७१ लाख, शेअर पाच लाख, म्हणजे एका शेअरमागे १४ रुपये २० पैसे कमाई, म्हणजे २४० हा भाव कमाईच्या १७ पटसुद्धा नाही, टेक्सटाईलला पंचवीस पट मिळतात, असं पडद्यावर दाखवलं. मी २५०० शेअर घेतले. सहा लाख.

आठ महिने झाले तरी ना शेअर खात्यात आले ना फोन उचलतात, तेव्हा पुतणी दिवाळीला आली होती, ती पुण्यात सीएची आर्टिकलशिप करते, तिला वही दाखवली. तिने नफ्याचं पान उघडलंच नाही. सरळ मागं गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं, "काका, ही उधारी बघितली का?"

ओळ होती येण्यांची, ट्रेड रिसीव्हेबल्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे राहिलेले पैसे. आधीच्या वर्षी १.१ कोटी, या वर्षी ३.९ कोटी. तिने पेनानं तिथंच मांडून दाखवलं. विक्री वाढली १.४ कोटीनं आणि उधारी वाढली २.८ कोटीनं. ६.२ कोटीचा माल विकला म्हणतात त्यातले २.८ कोटी बाहेर वाढले, म्हणजे वर्षभरात हातात आले ३.४ कोटी, आधीच्या वर्षीच्या विक्रीपेक्षाही कमी. सगळी उधारी मिळून साडेसात महिन्यांची विक्री होते. अहो आमच्या धंद्यात साठ दिवस, नव्वद दिवस उधारी चालते हे मला झोपेतपण माहीत आहे, साडेसात महिने पेमेंट न देणाऱ्याला कोण माल पाठवेल? मी ती ओळ वाचलीच नव्हती. आठ महिने माझ्याकडे पडलेल्या कागदावरच ते छापलेलं होतं.

तिने सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात घ्या. खोटा नफा नुसता लिहून चालत नाही, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात, त्यामुळे तो खोटा आकडा कुठंतरी बसवावाच लागतो. उधारीत बसवतात, नाहीतर गोदामातल्या स्टॉकमध्ये, नाहीतर बँकेतल्या शिल्लकीत. सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीत बँकेत बसवला होता, ७ जानेवारी २००९ ला तिचे मालक रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं तेव्हा ५,०४० कोटींची रोकड-बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. म्हणून नफा बघितला की लगेच हे तिन्ही आकडे मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवायचे. कॅश फ्लोचं पान, म्हणजे खरे पैसे किती आले-गेले ते, असेल तर ते आधी, पण लहान कंपनीला ते देण्याची सक्ती नाही आणि आमच्या वहीत नव्हतंच.

मग तिने एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या साईटवर शंभर रुपये भरून कंपनीने सरकारला दिलेला खरा ताळेबंद काढला. तेच वर्ष, तीच कंपनी, नफा ६ लाख. एका शेअरमागे १ रुपया २० पैसे. म्हणजे मी २०० पट भावानं घेतले. सीएच्या सहीजवळ यूडीआयएन म्हणून १८ आकडे-अक्षरांचा नंबर असतो, १ जुलै २०१९ पासून प्रत्येक ऑडिटला लागतो, सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या साईटवर कोणीही टाकून बघू शकतो. आमच्या वहीतला टाकला, रेकॉर्डच निघालं नाही. आणि ते लूम, जे बघून मी भुललो, ते सगळे बँकेकडे तारण. एमसीएच्या साईटवर चार्ज म्हणून तारणाची यादी असते, ती तर फुकट दिसते. बैठकीत एबिटा एबिटा चाललं होतं त्याचं कारण आत्ता कळालं, एबिटा म्हणजे व्याज, कर, घसारा वजा करायच्या आधीचा नफा, त्यात कर्जाचं व्याज धरतच नाहीत.

अजून एक माझ्या हातून झालेलं सांगतो. पैसे कंपनीच्या खात्यावर गेलेच नाहीत, मालकाच्या दुसऱ्या एका फर्मच्या नावावर आरटीजीएस केला, "जीएसटीचं काम चालू आहे, नंतर वळवतो" म्हणले. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे असे शेअर विकताना पैसे वेगळ्या बँक खात्यातच ठेवावे लागतात, ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत, आणि तेही नाही केलं तर साठ दिवस संपल्यापासून वर्षाला १२ टक्के व्याज. जाहिरात करून तर विकताच येत नाहीत. हॉल भरून माणसं बोलावली तिथंच मी उठायला पाहिजे होतं.

आयुक्तालयात आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय, सोबत बँकेचं स्टेटमेंट, ती वही आणि एमसीएचा कागद, तिन्ही जोडलेत. आमच्यातले अकरा जण आत्तापर्यंत पुढं आलेत, बाकीचे घरच्यांना कळेल म्हणून गप्प आहेत, माझीपण बायकोला सांगायला तीन महिने हिंमत झाली नाही. ते पैसे धाकटीच्या लग्नाचे होते.

मागच्या आठवड्यात कळालं बार्शीकडे परत बैठक झाली, तीच स्पायरल वही, आता शेअर २८० ला. तिकडं कोणी ओळखीचं असेल तर त्याला म्हणा ते येण्यांचं पान उघड आणि चेक लिहायच्या आधी मला दाखव.