बॅटरीचा हिरवा डोळा आणि माझा राग: थंडीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

बॅटरीच्या झाकणावर तो गोल काचेचा डोळा असतो ना, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जुनी बॅटरी ऐन थंडीत बसली. निफाडचा पारा उतरला की नाशिकमध्येही सकाळी गाड्या कुरकुरतात. माझी छोटी पेट्रोल गाडी तशीच कुरकुरली आणि गप्प झाली. बोलावलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, डोळा हिरवा बघितला आणि म्हणाला, "दादा, बॅटरी ओके आहे, स्टार्टर गेलाय." मीटर लावायलाही तयार नाही!

घरचा मल्टिमीटर लावला. गाडी बंद असताना १२.४ व्होल्ट, सेल्फ मारला की थेट ८ च्या खाली. धडधाकट बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात नाही. तो डोळा सहापैकी एकाच सेलमधल्या आम्लाची घनता दाखवतो. बाकीच्या पाच सेलचं काय चाललंय, प्लेटा किती झिजल्यात, याचा त्याला पत्ताच नसतो. आणि त्याच्या जोरावर माझ्या गळ्यात स्टार्टर मारायला निघाले होते!

नवीन घेतली ती ३८बी२०एल (बॅटरीवर छापलेला तिच्या प्रकाराचा कोड), क्षमता ३५ अँपिअर-अवर. सुरुवातीचे ३८ म्हणजे अँपिअर-अवर नव्हेत, आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. एलऐवजी आर आली तर पॉझिटिव्ह दुसऱ्या बाजूला जातो, वायर पोचतच नाही. दुकानदाराने आधी पुढ्यात ठेवली ती कितीतरी महिने पडून असलेली होती. पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून बनल्याची तारीख बघून ताजी मागितली. जुनी परत देऊन ४,००० रुपयांच्या आसपास पडली.

बसवायला १० चा पाना पुरतो. सोडताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना बरोबर उलट. म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. वायरच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता. पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासला, तर फसफसून फेस आला आणि खालचा धातू चकचकीत दिसला. कोरडं करून वायर घट्ट आवळल्या, वरून व्हॅसलीन. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं तेवढी पुन्हा लावावी लागली.

घेताना मी लांब वॉरंटीला भुललो होतो, पण कार्ड नीट वाचल्यावर मत बदललं. सुरुवातीच्या काळात बिघडली तर नवीन मिळते. पुढच्या प्रो-राटा काळात, म्हणजे वापराच्या महिन्यांप्रमाणे घटत जाणारी फक्त सूट, तीही छापील किमतीवर. दुकानात तशीही छापील किमतीपेक्षा कमीत मिळते, मग त्या सुटीत हातात काय उरतं? यापुढे जास्त महिन्यांसाठी जास्त पैसे मोजणार नाही.

बॅटरी मात्र झकास. उन्हाळा गेला, पावसात वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं एकदम चालू असतं, तरी रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ दिसतात आणि इंजिन चालू असताना १४ च्या वर. खड्ड्यांमुळे खालचा क्लॅम्प मात्र सैल होतो. तो अधूनमधून आवळा. बॅटरी हादरत राहिली की आतल्या प्लेटा सुटतात. डोळा याही बॅटरीला आहे, हिरवागार. मी त्याच्याकडे बघत नाही, मीटर लावतो.