ड्रिंक अँड ड्राइव्हची केस आणि लायसन्स: वकील मॅडमच्या ऑफिसचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

माझ्या टूरिस्ट गाड्या आहेत, फार मोठा धंदा नाही पण चालतो. गाड्यांवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, घरातलाच म्हणा ना, सुट्टीच्या रात्री स्वतःच्या बाइकवरून घरी जाताना नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं तर रीडिंग लिमिटच्या बरंच वर आलं. कायद्यात लिमिट १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) लागतं. लायसन्स तिथंच जमा करून घेतलं आणि कोर्टात हजर राहायला सांगितलं. सकाळी मला फोन करून रडायलाच लागला, शेठ माझं लायसन्स गेलं तर पोरांच्या फिया कुठून भरू म्हणून.

आधी आमच्या ओळखीच्या एका एजंटला विचारलं. तो म्हणाला काही टेन्शन नाही, कोर्टात जायचं, गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, विषय संपला, वकिलाला कशाला पैसे घालवताय. आणि हेच सगळे सांगतात, म्हणून हा रिव्ह्यू एवढा मोठा लिहितोय, कारण विषय तिथं संपत नाही.

मॅडमच्या ऑफिसमध्ये गेलो तेव्हा त्यांनी दंडाबद्दल आधी काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न, लायसन्सवर कोणकोणते क्लास (म्हणजे कुठल्या प्रकारच्या गाड्या) आहेत, बॅज (पॅसेंजरची गाडी चालवायची परवानगी) आहे का, आणि याआधी अशी केस झालीये का. मला तिथंच पटलं की बाईंना माहितीये माणसाचं खरं दुखणं कुठंय. मग त्यांनी कागदावर लिहून नीट समजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८५ ला पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. ही झाली शिक्षा. पण लायसन्सचं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिलंय की १८५ मध्ये दोषी ठरवलं की कोर्टानं त्या माणसाला लायसन्ससाठी अपात्र करायचंच, कमीत कमी ६ महिने. कमीत कमी हां. म्हणजे गुन्हा कबूल केला की ही गोष्ट मागून येणारच, आणि दहा हजार भरून मोकळे झालो असं समजून बाहेर पडलेला माणूस ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याचं काय होत असेल विचार करा. एजंट हे सांगत नाही कारण त्याचं काम पावती हातात आली की झालेलं असतं.

आणि हे फक्त कोर्टाचं. पोलिसांनी जमा केलेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि आरटीओला कलम १९ खाली स्वतःचा अधिकार आहे, पहिल्या वेळी ३ महिने अपात्र आणि दुसऱ्या वेळी थेट लायसन्स रद्द, आणि नुसती मुदत संपली म्हणून लायसन्स परत मिळत नाही, ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. आरटीओनं आदेश काढण्याआधी आपलं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे, आणि आदेश आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. मॅडम म्हणाल्या बहुतेक लोक आरटीओची नोटीस उघडून बघतच नाहीत, त्यांना वाटतं कोर्टात दंड भरलाय ना मग हे जुनंच काहीतरी असेल.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. पेपर बघून सरळ सांगितलं की रीडिंग एवढं आहे, मशीनची स्लिप आहे, अटकेनंतर २ तासांच्या आत डॉक्टरकडे नेलं होतं त्याचाही रिपोर्ट आहे, लढण्यासारखं यात मला दिसत नाही, केस वर्षभर ओढून तुमचे पैसे मी घेणार नाही. त्याऐवजी एक मुद्दा मांडू म्हणाल्या. कलम २० मध्ये कोर्ट सगळ्या क्लाससाठी अपात्र करू शकतं किंवा एखाद्याच क्लाससाठी, तर हा माणूस बाइकवर होता, ड्युटीवर नव्हता, एवढ्या वर्षांत पॅसेंजरच्या गाडीवर एक तक्रार नाही, म्हणून फक्त टू-व्हीलरपुरतं करा अशी विनंती. कोर्टानं ते मानलं नाही, सगळ्याच क्लासला ६ महिने लागले. वाईट वाटलं, पण मुद्दा चांगला मांडला आणि कमीत कमी मुदतीवरच थांबलं. खरं सांगायचं तर मी गाड्यांचा मालक आहे, माझ्या गाडीत लोकांची लेकरंबाळं बसतात, कायदा कडक आहे ते मला योग्यच वाटतं, माझं म्हणणं एवढंच की काय होणारे ते माणसाला आधी कळलं पाहिजे.

मग माझ्यावर आल्या. म्हणाल्या या ६ महिन्यांत दया म्हणून जरी त्याला गाडी दिलीत तर अडचण तुमची पण आहे. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२, त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, आणि गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८०, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० किंवा दोन्ही. आणि इन्शुरन्स. घरी येऊन पॉलिसी काढून बघितली तर ड्रायव्हरच्या क्लॉजमध्ये खरंच लिहिलंय की चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स पाहिजे आणि तो लायसन्ससाठी अपात्र ठरवलेला नसावा. इतकी वर्षं हप्ते भरतोय, हे वाक्य कोणी दाखवलं नव्हतं. गाडीमालकांनी आजच काढून वाचा.

एजंटनं मधेच अजून एक आयडिया दिली होती, दुसऱ्या जिल्ह्याच्या आरटीओमधून नवीन लायसन्स काढू, त्याला काय होतंय. मॅडमनी तिथल्या तिथं बंद केलं. अपात्र माणसाला त्या मुदतीत लायसन्स ठेवताही येत नाही आणि नवीन काढताही येत नाही, आणि सारथीवर (लायसन्सची सरकारी ऑनलाइन सिस्टीम) रेकॉर्ड देशभराचं एकच असल्यामुळे ते लपतही नाही, फसवून काढलेलं लायसन्स हे तर रद्द करायचं अजून एक कारण होतं.

वेटिंगमध्ये बसून बसून मी बाकीच्या केसेसबद्दल पण विचारून घेतलं, कारण ड्रायव्हर लोक मला येऊन विचारतात. साधी भांडणाची वगैरे केस, ज्यात गाडीचा काही संबंध नाही, त्यात एकदा शिक्षा झाली म्हणून लायसन्स आपोआप जात नाही. पण गाडी वापरून दखलपात्र गुन्हा केला, समजा बाइकवरून चेन ओढली, तर कलम १९ मध्ये लायसन्स काढून घेता येतं, आणि सराईत गुन्हेगार किंवा सराईत दारुडा असेल तरीही. अपघात करून जखमीला तसंच टाकून पळाला आणि कलम १३४ मध्ये दोषी ठरला तर कमीत कमी १ महिना अपात्र. आधी धोकादायक ड्रायव्हिंगची म्हणजे १८४ ची शिक्षा झालेली असेल आणि नंतर तसंच चालवून कोणाचा जीव गेल्याचा किंवा गंभीर जखमी झाल्याचा गुन्हा नोंदला, तर निकालाची वाट न बघता गुन्हा नोंदल्यापासून ६ महिने लायसन्स सस्पेंड होतं, त्याआधी कोर्टातून निर्दोष सुटला तर सस्पेन्शन तिथंच संपतं. पोराला गाडी देणाऱ्या आईबापांसाठी पण एक आहे, अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे कॉलेज संपेल, नोकरी लागेल, तरी हा बसनंच जाणार.

अ‍ॅपवर गाडी लावणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. केंद्राच्या २०२० च्या अ‍ॅग्रिगेटर (म्हणजे अ‍ॅपवरून गाडी बुक करून देणाऱ्या कंपन्या) गाइडलाइन्समध्ये अट होती की मागच्या ३ वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेली नसावी. म्हणजे ६ महिन्यांनी लायसन्स हातात आलं तरी अशी अट जिथं लागू आहे तिथं काम लगेच मिळेलच असं नाही. लायसन्सवर शिक्षेची नोंद झाली असेल तर ३ वर्षं नवीन नोंद न होता गेल्यावर नोंदीशिवायचं लायसन्स मागता येतं.

आता एक स्टार कशाचा कापला ते. फी आधी लेखी देत नाहीत. कोर्टाची फी आणि आरटीओच्या उत्तराची फी वेगवेगळी आहे हे मला नंतर कळलं, रक्कम जास्त नव्हती पण आधी सांगायला काय हरकत आहे, समोर बसलेला माणूस उसने पैसे घेऊन आलेला असू शकतो. ज्युनियर फोन उचलत नाही, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. तारखेच्या दिवशी मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या आणि आम्ही बाहेर उभे राहून घामाघूम झालो, आल्या वेळेवर पण आमचा जीव टांगणीला. बाकी कामाला नाव ठेवायला जागा नाही. निकालाची सर्टिफाइड कॉपी त्यांनी न सांगता काढून ठेवली आणि ती पुढे आरटीओत लायसन्स परत घेताना खूप उपयोगी पडली.

आमच्या माणसाला त्या काळात मी गाड्या धुणं, सर्व्हिसिंगला लावणं आणि बुकिंगचे फोन यावर ठेवला, पगार थोडा कमी पण चालू. ट्रेनिंग पूर्ण केलं, लायसन्स परत मिळालं, आता पुन्हा गाडीवर आहे.

जाणार असाल तर संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर जा, तेव्हा मॅडम स्वतः भेटतात. सोबत लायसन्सच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पोलिसांनी लायसन्स घेताना दिलेली पावती, मशीनची स्लिप, आरटीओचं काही पत्र आलं असेल तर ते पाकिटासकट (तारीख त्यावर असते) आणि बॅज असेल तर त्याची कॉपी न्या. आणि फी किती, कशाकशाची, ते पहिल्याच भेटीत कागदावर लिहून मागा, मागितलं की देतात.