बर्डीवरचं केबलचं दुकान आणि आमच्या दोन सर्व्हरची नाडी

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे दोन सर्व्हर मी सांभाळते. बर्डीवरच्या या दुकानात मी मे महिन्यात गेले होते. तिथून आणलेल्या सामानाला आता पाच महिने झाले, म्हणून लिहितेय.

गेले ते अडचणीत सापडल्यामुळे. आमचे दोन्ही सर्व्हर पेसमेकर-कोरोसिंक या सॉफ्टवेअरच्या जोडीने एकमेकांना जोडलेले आहेत. एक काम करतो, दुसरा त्याची नाडी बघत असतो. नाडी लागेनाशी झाली की दुसरा डेटाबेस स्वतःकडे घेतो. ही नाडी, म्हणजे हार्टबीट, आणि डीआरबीडीची डिस्क कॉपी (हे सॉफ्टवेअर एका सर्व्हरची डिस्क दुसऱ्यावर सतत उतरवत राहतं) अशी दोन्ही कामं रॅकमधल्या एकाच छोट्या पाच पोर्टच्या नेटवर्क स्विचमधून चालायची. ऑफिसचं नेटवर्क वेगळ्या स्विचवर होतं. मेमधल्या एका दुपारी खोलीतला कूलर बंद पडला आणि तो छोटा स्विच तापून अडकला. दिवे सगळे हिरवे, पण पॅकेट एकही पुढे जाईना. मी पोहोचून त्याचा प्लग काढून परत लावेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

कोरोसिंक 3.1 पासून टोकनची मुदत, म्हणजे समोरची नाडी लागली नाही तर किती वेळ वाट बघायची ती, मुळातच 3000 मिलिसेकंद असते. त्यामुळे काही सेकंदांतच दोन्ही सर्व्हरना वाटलं की समोरचा गेला. टू-नोड (दोनच सर्व्हरच्या) सेटिंगमुळे कोरम, म्हणजे एकट्याने काम चालवायचा हक्क, दोघांकडेही राहिला, फेन्सिंग (समोरच्याला जबरदस्तीने बंद किंवा रीस्टार्ट करायची सोय) आधीच्या माणसाने बंद ठेवलेलं, आणि दोघांनीही डेटाबेस उघडला. लॅबची मशीनं कधी याला तर कधी त्याला निकाल पाठवत राहिली. ती रात्र आम्ही तिघांनी दोन याद्या समोरासमोर ठेवून पेशंटचे रिपोर्ट जुळवण्यात काढली. कोणाचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) निकाल कोणत्या यादीत आहे हे शोधताना हात थरथरत होते. टोकन वाढवा, असा सल्ला लगेच मिळाला. पण पंचवीस मिनिटांचं टोकन कोण ठेवणार? वाटच दुसरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले ती नल मोडेम सिरियल केबल मागायला, म्हणजे दोन कॉम्प्युटर नेटवर्कशिवाय थेट जोडणारी जुन्या पद्धतीची केबल. जुन्या हार्टबीट सॉफ्टवेअरमध्ये 19200 बॉडच्या वेगाने सिरियलवरून नाडी जायची, नेटवर्कशी तिचा काही संबंध नसायचा, आणि तेच माझ्या डोक्यात होतं. दुकानाच्या काकांनी केबल काढली, पण हातात दिली नाही. म्हणाले, "ताई, तुमचं सॉफ्टवेअर सिरियल घेते का ते आधी बघा. नंतर परत आणाल तर माझाही वेळ जाईल आन् तुमचाही." तिथेच फोनवर बघितलं. कोरोसिंक फक्त नेटवर्कवर चालतं, सिरियलची सोयच नाही. त्यांनी केबल परत खणात ठेवली.

मग नेटवर्कचीच केबल घ्यायची म्हणून मी आमची जुनी केबल काउंटरवर ठेवली. दुसरीकडून तयार घेतलेली होती, वर कॅट-सिक्स हा नेटवर्क केबलचा दर्जा छापलेला. काकांनी ब्लेडने एक तार हलकेच खरवडली. वरची लाली निघाली आणि आतून पांढरी चंदेरी धातू दिसली. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम! दोन-तीनदा वाकवली की ती तार तुटली. मग स्वतःच्या रीळमधली तार तशीच खरवडून दाखवली, ती आतपर्यंत लाल. "क्रॉस करू का सरळ?" (क्रॉस म्हणजे एका टोकाला तारांच्या जोड्या अदलाबदल केलेली) असं विचारून, नेटवर्क कार्ड गिगाबिटचं आहे म्हटल्यावर सरळच क्रिम्प केली, म्हणजे टोकांना कनेक्टर दाबून बसवले, कारण ही कार्डं जोड्या स्वतःच ओळखून घेतात. दोन केबल केल्या, प्रत्येकी दोन मीटर. दोन्ही टेस्टरवर लावून आठही दिवे क्रमाने लागताना मला दाखवले, आणि नंतर कनेक्टर ओढूनही बघितला.

कार्ड घेताना त्यांचा खरा उपयोग झाला. सर्व्हरवरचे दोन्ही पोर्ट एकाच चिपचे, ती गेली की दोन्ही वाटा एकदम जातात. म्हणून प्रत्येक सर्व्हरसाठी इंटेल आय-210 चं एका पोर्टचं वेगळं कार्ड घेतलं. आमच्या 2यू पेटीत (रॅकमधल्या कमी उंचीच्या सर्व्हरमध्ये) कार्डाची उंच पट्टी बसत नाही. काकांनी खणातून बुटकी पट्टी शोधून तिथेच स्क्रू बदलून दिले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता एक केबल कार्ड ते कार्ड थेट, फक्त नाडीसाठी. दुसरी थेट केबल डीआरबीडीची, कारण मोठी रीसिंक (मागे पडलेली डिस्क पुन्हा जुळवणं) चालू झाली की ती लाइन पूर्ण भरते आणि नाडी मागे राहते. नाडीची दुसरी वाट ऑफिसच्या स्विचमधून. कोरोसिंक 3 मध्ये अशा आठपर्यंत लिंक देता येतात, आम्हाला दोन पुरतात. फेन्सिंग आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून बंद-चालू करायच्या त्याच्यातल्याच सोयीवरून) चालू केलं, तेही तिसऱ्याच स्विचवर.

थेट केबलची एक गोष्ट बसवणाऱ्याने लक्षात ठेवावी. समोरचा सर्व्हर बंद झाला की आपल्याही पोर्टचा दिवा जातो, आणि नेटवर्क मॅनेजर (लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम) त्या पोर्टचा पत्ता काढून घेऊ शकतो. आम्ही त्याला कॅरियरकडे, म्हणजे समोरून सिग्नल आहे की नाही याकडे, दुर्लक्ष करायला सांगून ठेवलंय. बसवल्यावर रविवारी लॅब बंद असताना थेट केबल उपसली. लॉगमध्ये एक लिंक गेल्याची ओळ आली, डेटाबेस जागचा हलला नाही. मग ऑफिसच्या स्विचची केबल उपसली, तेव्हाही नाही. दोन्ही एकदम काढल्यावर एका सर्व्हरने दुसऱ्याला रीस्टार्ट केलं आणि डेटाबेस एकाच जागी राहिला. मी ते तीन वेळा करून बघितलं.

तक्रारी दोन. जीएसटीचं बिल त्या दिवशी मिळालं नाही, दुसरी चक्कर मारावी लागली, आणि बर्डीवर गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे अर्धा तास गेलाच. केबलवर लेबलही लावून देत नाहीत. मी घरी येऊन नाडीच्या केबलला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळली.

काकांकडून तशीच तिसरी केबल करून घेतली आहे, ती रॅकच्या दाराला आतून टांगून ठेवलीय.