दारावरची एल्विश ओळ: रावपुऱ्यातल्या नेमप्लेटवाल्यांचा अनुभव

पितळेवर नाव कोरून देणारे बडोद्यात ढीगभर आहेत. आडनाव, ओम, स्वस्तिक एवढंच हवं असेल तर कुठेही जा. आमची मागणी जरा वेगळी होती. भाचीने आणि जावईबापूंनी मांजलपूरला फ्लॅट घेतला. दोघं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्कीनचे भक्त, त्यामुळे आडनावाखाली एक ओळ एल्विशमध्ये, म्हणजे त्याने रचलेल्या एल्फ लोकांच्या भाषेत हवी, तीही त्याच्याच तेंगवार लिपीत. हे काम मावशीच्या गळ्यात, कारण मावशीने जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं आणि आता ती रिकामी असते. (रिकामी! असो.)

रावपुरा टॉवरजवळ, स्टेशनरीच्या घाऊक दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर ट्रॉफ्या आणि पाट्या करणारे एक आहेत. काम त्यांना दिलं, आणि अशा तऱ्हेवाईक कामासाठी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन. मात्र मजकूर घरून पक्का करून न्यायचा. ते भाषा तपासत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. काउंटरच्या काचेखाली नमुने मांडलेत, त्यात तेंगवारमधलं एक लॉकेट आहे. वाचायला गेले तर अर्थ शून्य. या लिपीच्या जुन्या, प्रचलित फॉन्टमध्ये कळा उच्चाराप्रमाणे नसतात, अक्षरांच्या तक्त्याप्रमाणे असतात. १ दाबलं की ‘त’ उमटतो, क्यू दाबला की ‘प’. कुणीतरी इंग्रजीत आवडत्या व्यक्तीचं नाव टाइप करून नुसता फॉन्ट बदलला असणार. दुकानाने ते इमानदारीने कोरलं. यात मी दुकानाला दोष देत नाही.

तर मजकूर. एल्विश ही एकच भाषा नाही. टॉल्कीनने बारकाईने रचल्या त्या दोन, क्वेन्या आणि सिंदारिन, आणि दोघींचा भविष्यकाळ निराळा. सिंदारिनला ‘-था’ लागतो. त्याच्या पुस्तकातल्या एल्बेरेथच्या स्तोत्रात ‘लिन्नथॉन’ येतं, मी गाईन. क्वेन्याला ‘-उवा’. ‘तुल’ म्हणजे येणे, ‘तुलुवा’ येईल, ‘एन्तुलुवा’ पुन्हा येईल. धातूच्या शेवटचा ‘आ’ या प्रत्ययापुढे गळतो, म्हणून ‘लाइता’चं ‘लाइतुवा’. त्याच्यावर कर्ता आणि कर्म दोन्ही चिकटतात: ‘लाइतुवल्मेत’, आम्ही त्यांची स्तुती करू, सगळं एका शब्दात. क्रियापदाला लिंग नाही, म्हणजे हिंदीतल्या ‘रहूंगा-रहूंगी’ची कटकट नाही. आपल्या ‘राहीन’ला तरी कुठे आहे!

भाचीने निवडलं होतं ‘सिनोमे मरुवन’, या जागी मी राहीन. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडात आरागॉर्न राज्याभिषेकाला हे म्हणतो, शब्द मुळात त्याचा पूर्वज एलेंदिल समुद्रावरून किनाऱ्याला लागला तेव्हाचे. मरुवन आणि राहीन, दोन्हींच्या शेवटी ‘न’. निव्वळ योगायोग, पण मला बरं वाटलं. शेजारच्या गुजरातीत ‘रहीश’ होतं.

अडचण अशी की दारामागे माणसं दोन. ‘राहीन’ कोण? तेव्हा ‘आम्ही’चा प्रत्यय हवा, आणि इथे पोरं अडकली. इंग्रजीतून शिकलेली, त्यामुळे क्वेन्या जेव्हा विचारते की ऐकणारा धरून का सोडून, तेव्हा ती तक्ते उघडून बसतात. अरे, हे आपलं आपण आणि आम्ही! टॉल्कीनने हे प्रत्यय आयुष्यभर बदलले. त्याच पुस्तकात भेटीच्या घटकेवर तारा चमकण्याचं जे प्रसिद्ध अभिवादन आहे, त्यात ‘आपल्या भेटीच्या’साठी पहिल्या आवृत्तीत ‘ओमेन्तिएल्मो’ होतं, १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘ओमेन्तिएल्वो’ झालं. नंतरच्या मांडणीत ‘-ल्वे’ म्हणजे आपण, ‘-ल्मे’ म्हणजे आम्ही, आणि आम्ही दोघंच असू तर ‘-म्मे’. आता दारावरची ओळ वाचणार कोण? पाहुणे, दूधवाला, कुरियरवाला. ‘आपण सगळे इथे राहू’ असं काही त्यांना सांगायचं नाही. म्हणजे मराठीतलं ‘आम्ही’ आणि संस्कृतातलं ‘निवत्स्यावः’चं द्विवचन एकाच प्रत्ययात हवं. ‘सिनोमे मरुवम्मे’. पोरांनी पीडीएफमध्ये डोकं घालून काढलेलं उत्तरही हेच आलं; माझा चहा तोवर गारही झाला नव्हता. घरात तिसरं माणूस आलं की पाटी व्याकरणाने चुकेल, हे मी अजून बोललेली नाही.

जावईबापूंना सुरुवातीला ‘नाइ’ही हवा होता. ‘नाइ’ आणि भविष्यकाळ मिळून ‘असं घडो’ होतं. गालाद्रिएल या एल्फ राणीच्या निरोपगीतात ‘नाइ हिरुवल्ये वालिमार’ आहे, तुला वालिमार सापडो. २० वर्षांचं गृहकर्ज बघता त्यांचं बरोबरच होतं. पण ८ इंचांत ते बसेना.

दुकानात दोन माणसं महत्त्वाची. गल्ल्यावर शेठ, आतल्या खोलीत मशीनवर आपले मराठी काका. फाइल कोरल ड्रॉमध्ये नेलीत तर अक्षरं आधी कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून न्या. आम्ही तशी बदलूनच नेली होती म्हणून बरं, कारण दुकानाच्या कॉम्प्युटरवर हा फॉन्ट नाही आणि कॉम्प्युटर त्या जागी स्वतःच्या मनाने एरियल बसवतो. काकांनी छापील कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, वरची बाजू कुठली?” मग पेनने बाण करून घेतला. इतक्या शहाण्या प्रश्नाची मी अपेक्षा केली नव्हती.

तेंगवारमध्ये, निदान क्वेन्या लिहिताना, स्वर आधीच्या व्यंजनाच्या डोक्यावर बसतो. ‘अ’चे तीन ठिपके, ‘इ’चा एक, ‘ए’ची तिरपी रेघ, ‘ओ’ आणि ‘उ’ म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या वेलांट्या. “म्हणजे मात्रा वर. समजलं,” काका म्हणाले, आणि तिथून पुढे त्यांनी एकाही ठिपक्याला नक्षी समजलं नाही. शेवटच्या ‘म’खाली आडवी रेघ आहे, ती जोडाक्षराची, म्हणजे ‘म्म’. ती त्यांनी बोट ठेवून विचारली, कारण छपाईतला डाग असेल तर काढून टाकतात. काढली असती तर ‘म्मे’चा ‘मे’ झाला असता.

आधी अॅक्रिलिकच्या तुकड्यावर नमुना काढून दाखवला, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यात ‘-उवा’चे तीन ठिपके एकमेकांत मिसळून एक गोळा झाला होता. काकांनी बारीक टूल लावलं, अक्षरांची उंची वाढवायला लावली आणि आडनाव थोडं लहान केलं. जावईबापूंना ते रुचलं नाही, पण आडनाव काय, सोसायटीच्या बोर्डावरही आहे. लेझर करू नका, असंही काकांनीच सांगितलं. लेझर स्वस्त आणि झटपट, पण पितळेवर खूण वरवरची राहते, आणि आपल्याकडे दर दिवाळीला पाटी चिंचेने, पितांबरीने घासली जाते. मशीनने खोल कोरून आत काळा रंग भरला. ८ बाय ४ इंच, दीड मिलिमीटर जाडीची पाटी, सगळं धरून १,४०० रुपये. कोरीव कामाकडे बघता वाजवी.

तक्रार आहे ती शेठबद्दल. “बेन, सोमवारे थई जशे.” सोमवारी होऊन जाईल. शेठच्या भविष्यकाळाला प्रत्यय आहे, वारही आहे, सोमवार कोणता, तेवढं नाही. फोन केला की तेच वाक्य, त्याच सुरात. पाटी मिळाली वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी, तीही लॅकरचा हात न मारता. लॅकर ठरलेलं होतं. नंतर वेगळी खेप घालून मारून घ्यावं लागलं, आणि तेव्हाही शेठना आधी आठवेना. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. पाचांत मी चार देते, आणि ते चारही आतल्या खोलीला.

जाणार असाल तर दुपारी १ ते ४ टाळा, काका घरी जेवायला जातात आणि शेठ एकटे असताना तेंगवारचं काम बोलू नये. स्कूटर खाली लावायला जागा नाही. न्यायमंदिराकडे लावून चालत जा. स्क्रू पाटीबरोबर देतात, ते बदलून घ्या. भाचीकडचे लोखंडी निघाले, पावसाळ्यात गंजतील.