पक्ष्यांवर लिहायचंय: स्वतःचा ब्लॉग की नियतकालिकांत लेख?

नोंदवही भरत आली आहे आणि हे आता कुणीतरी वाचावं असं वाटायला लागलंय, अशा पक्षीनिरीक्षकासाठी हे लिहितोय. ब्लॉग काढायचा, की वृत्तपत्रांच्या पुरवण्या, मासिकं आणि दिवाळी अंकांना लेख पाठवायचे? मी दोन्ही केलं आहे.

पैशाचं आधी उरकतो. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकट सुरुवात होते, लेख पाठवायला ईमेल पुरतो. मराठी ब्लॉगवर अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती लावता येतात, पण 100 डॉलर जमल्याशिवाय रक्कम हातात येत नाही. तांबट आणि दयाळ वाचायला येणाऱ्यांच्या जिवावर तो आकडा गाठायला फार दिवस लागतात. नियतकालिकांचं मानधन थोडं असतं, बरेचदा उशिरा येतं, आणि छोटे अंक नुसती प्रत पाठवतात. तरी पहिली कमाई तिकडूनच होण्याची शक्यता जास्त. घर मात्र दोन्हींवर चालत नाही, तेव्हा नोकरी सांभाळून लिहा.

वेळेचं गणित जास्त महत्त्वाचं. पावसाच्या तोंडावर कोकणात नवरंग येतो. त्याची दोन सुरांची शीळ सकाळी ऐकली की रात्री ब्लॉगवर नोंद टाकता येते. तोच विषय पुरवणीत वेळेवर यायला हवा असेल तर लेख मेच्या सुरुवातीलाच संपादकांकडे पोचलेला बरा, म्हणजे तो गेल्या वर्षीच्या नोंदींवरून लिहावा लागणार. दिवाळी अंकांचं काम तर भर पावसाळ्यात चालू असतं. पण 1909 साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेत ऐसपैस जागा मिळते. एका तळ्याचं अख्खं वर्ष पुरवणीच्या सहाशे शब्दांत कोंबावं लागतं, दिवाळी अंकात ते मोकळेपणी मांडता येतं.

संपादक मिळणं हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणवरच्या माझ्या पहिल्या लेखात दिसलेल्या एकूण एक पक्ष्याचं नाव होतं. संपादकांनी हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब ठेवला आणि बाकीची यादी काढून टाकली. मला वाईट वाटलं होतं, पण लेख वाचण्याजोगा झाला तो त्यामुळेच.

ब्लॉगवर असं थांबवणारं कुणी नसतं, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक छोटं घुबड, 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला सापडला नव्हता. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. असा पक्षी किंवा कुठलंही घरटं तुम्हाला सापडलं, तर नेमकी जागा लिहू नका. फोटोतली जीपीएसची माहितीही काढून टाका. नाहीतर पुढच्या रविवारी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि पिल्लांना भरवायला आई-बाप यायचे थांबतात.

हक्कांचंही पाहून ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुक्त लेखकाच्या लेखाचा पहिला हक्क लेखकाचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. ‘सर्व हक्क आमचे’ असं पत्र आलं तर एकदा छापण्यापुरतीच परवानगी देतो, असं सरळ कळवा. मागितल्यावर ऐकणारे संपादक भेटतात.

एक अडचण मला फार उशिरा कळली. बहुतेक संपादकांना लेख अप्रकाशित हवा असतो, आणि ब्लॉगवर टाकलेला लेख त्यांच्या लेखी छापून झालेला. माझा चांगला जमलेला एक लेख तेवढ्यासाठी परत आला.

तेव्हा माझं मत असं. लिहायची सवय नसेल तर ब्लॉग काढा, घराजवळची एकच जागा धरा आणि पावसाळा ते उन्हाळा दर आठवड्याला लिहा. एकाच पाणवठ्याच्या तीन-चार वर्षांच्या नोंदी आधीच हाताशी असतील तर ब्लॉगवर वेळ घालवू नका, थेट संपादकांना लिहा. तेवढ्या सलग नोंदी फार थोड्यांकडे असतात. मी आता तारीख, जागेचं ढोबळ वर्णन आणि चार ओळी एवढंच ब्लॉगवर टाकतो. यंदाच्या नवरंगाची नोंद तिथे आहे, त्याच्यावरचा लेख पुढच्या एप्रिलसाठी लिहून ठेवतोय.