सिंगल स्लोप की ड्युअल स्लोप? व्होल्टमीटर सिम्युलेटरवर मांडण्याआधी

डिप्लोमाच्या प्रोजेक्टला सिम्युलेटरवर डिजिटल व्होल्टमीटर करायचा ठरला की व्होल्टेजचा आकडा सिंगल स्लोप पद्धतीनं काढायचा की ड्युअल स्लोपनं, इथंच गाडी अडते. सक्सेसिव्ह अ‍ॅप्रॉक्सिमेशन, म्हणजे एकेक बिट लावून आकड्याजवळ जाणारी तिसरी पद्धत, मी धरतच नाही. आठ बिटांत २ व्होल्टची एक पायरी ८ मिलिव्होल्टच्या आसपास पडते, १९९९ पर्यंत मोजणाऱ्या साडेतीन आकडी मीटरला ती काय कामाची?

सिंगल स्लोप सोपा, हे कबूल. एकसारखं चढणारं व्होल्टेज म्हणजे रॅम्प, तो इनपुटला भेटला की सांगणारा कम्पॅरेटर, तोवरचे क्लॉकचे ठोके मोजणारा काउंटर. संध्याकाळी बसलं तर जेवणाआधी आकडा दिसतो. माझाही दिसला. १०० किलोओहमचा रेझिस्टर, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ व्होल्ट रेफरन्स (तुलनेसाठी पक्कं व्होल्टेज), १० किलोहर्ट्‌झ क्लॉक, १.५ व्होल्टला बरोबर १५००. कपॅसिटर ०.९ केला की १३५०, पण ते ट्रिमपॉटनं, म्हणजे फिरवून जुळवायच्या रेझिस्टरनं, निस्तरता येतं.

मला छळलं ते मेन्सच्या, म्हणजे विजेच्या लाइनच्या, ५० हर्ट्‌झनं. माझं टेबल कोल्हापुरात उद्यमनगरात, भिंतीपलीकडं दिवसभर वेल्डिंग. सिम्युलेटरात वेल्डिंग नसतं, म्हणून इनपुटला ५० मिलिव्होल्टची ५० हर्ट्‌झ साइन मुद्दाम जोडली. झालं! रॅम्प कुठल्या क्षणी सुरू झाला त्यावर आकडा ठरायला लागला. कधी १४६०, कधी १५३०. रॅम्प इनपुटला ज्या घटकेला भेटतो तेवढीच घटका तो मोजतो, त्याला तरी काय बोलणार.

त्याच पार्टांवर ड्युअल स्लोप मांडला. इनपुट १००० क्लॉक, म्हणजे १०० मिलिसेकंद इंटिग्रेट केला, म्हणजे कपॅसिटरवर साठवत नेला. त्यात मेन्सच्या बरोबर पाच सायकल बसतात, वरचं-खालचं आपसात फिटतं. मग उलट्या पोलॅरिटीचा रेफरन्स लावून शून्यापर्यंत मोजलं: १५००. साइन ४९.७ हर्ट्‌झ केली, तरी आकडा फार तर एकानं हलला. कपॅसिटर ०.९ केला, तरी १५००च, कारण चढताना आणि उतरताना कपॅसिटर तोच. आयसीएल ७१०७ या चिपवर चालणारे मीटर याच तत्त्वाचे.

त्रास नाही असं नाही. स्विचिंगचं लॉजिक वाढतं, सेकंदाला दोन-तीनच रीडिंग मिळतात, सिम्युलेशनही रेंगाळतं. भराभर बदलणारा सिग्नल बघायचा असेल तर याच्या नादाला लागू नका. उद्या जमा करायचं असेल तर सिंगल स्लोपही चालून जाईल, नाही म्हणत नाही. पण हाताशी आठवडा असेल तर मी ड्युअलच मांडेन.

फक्त दोन रीडिंगच्या मध्ये कपॅसिटर डिस्चार्ज करणारा स्विच विसरू नका. मी विसरलो होतो, आणि अख्खा रविवार कम्पॅरेटरला शिव्या घातल्या.